सही नसलेला त्सुबा : लोखंड वाचायचे की नाव?

टोक्योकर

नमस्कार. गेल्या महिन्यात टोक्योतल्या जुन्या वस्तूंच्या एका बाजारात मी आयुष्यातला पहिला त्सुबा विकत घेतला. तेव्हापासून एका प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. त्सुबा म्हणजे जपानी तलवारीचे पाते आणि मूठ यांच्यामध्ये बसवलेली धातूची चकती. हात पात्यावर घसरू नये, समोरच्याचा वार बोटांपर्यंत पोहोचू नये आणि तलवारीचा तोल साधला जावा, ही तिची कामे. मधल्या निमुळत्या भोकातून पात्याचा मुठीत जाणारा भाग पार होतो. त्याच्या बाजूंना बहुधा आणखी दोन खाचा असतात. एक म्यानाला लावलेल्या छोट्या चाकूसाठी आणि दुसरी केस सावरण्याच्या सळईसाठी.

माझा त्सुबा लोखंडाचा, गोल, ७.६ सेंटिमीटर उंचीचा आणि कडेला साडेपाच मिलिमीटर जाडीचा आहे. लव्हाळ्याची पाती आणि त्यांवरून उडणारे दोन रानहंस अशी जाळी त्यात कापून काढलेली आहे. दोन खाचांपैकी एक शिशाने बुजवलेली आहे आणि मधल्या भोकाच्या वरच्या व खालच्या टोकाला तांब्याचे तुकडे ठोकून बसवलेले आहेत. सही मात्र कुठेही नाही. विक्रेत्या आजोबांनी ‘अकासाका’ एवढा एकच शब्द उच्चारला आणि वस्तू कागदात गुंडाळून माझ्या हाती दिली. माझ्या एका सहकाऱ्याने ती पाहताक्षणी सही कुठे आहे असे विचारले, आणि सही नाही म्हटल्यावर त्याचा रस तिथेच संपला.

माझा प्रश्न असा आहे, की ज्या वस्तूवर कारागिराचे नाव नाही तिचे मोल कशावरून ठरवायचे? आणि ‘अकासाका’ हा शब्द आजोबांनी नेमका कशाच्या आधारावर उच्चारला असेल?

लोहगंध

टोक्योकर, आपला धागा पाहून फार आनंद झाला. मी गेली अनेक वर्षे हा विषय वाचतो आहे आणि माझ्याकडे मोजके पाच त्सुबा आहेत, त्यांपैकी चारांवर सही नाही. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे.

जाळीच्या लोखंडी त्सुबांना ‘सुकाशी’ म्हणतात आणि त्यांची मुख्य घराणी ठिकाणांच्या नावांनी ओळखली जातात. क्योतोच्या कामात रेषा बारीक आणि डौलदार असतात, जणू कात्रीने कागद कापावा तशा. ओवारी प्रांतातले काम, म्हणजे आजच्या नागोयाच्या परिसरातले, ठाम आणि बहुधा डावी-उजवी बाजू सारखी असलेले असते. त्याच्या कडेवर लोखंडाच्या गाठी वर आलेल्या दिसतात. त्या गाठींना जपानी रसिक ‘तेक्कोत्सु’, म्हणजे लोखंडाची हाडे, असे म्हणतात आणि त्या बोटाने चाचपून पाहण्यात त्यांना विलक्षण सुख वाटते. अकासाका हा एदोचा, म्हणजे आजच्या टोक्योचा, एक भाग आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तादामासा नावाचा कारागीर क्योतोहून तिथे येऊन स्थायिक झाला आणि घराण्याची सुरुवात झाली. त्याचा मृत्यू १६५७ मधला. या घराण्याच्या कामात कड गोलसर असते, जाळीच्या काठांची धारही किंचित मोडलेली असते, आणि पक्षी, बांबू, गवत असे विषय मोकळेपणाने, कडेपर्यंत पसरून येतात.

आता मुख्य गोष्ट. अकासाका घराण्याच्या पहिल्या तीन पिढ्यांच्या कामावर सहसा सही नसते. सही नियमितपणे दिसू लागते ती चौथ्या पिढीपासून, तादातोकी या नावाने. त्यामुळे आपल्या सहकाऱ्याला जी उणीव वाटली, तीच वस्तू जुनी असण्याशी सुसंगत ठरू शकते. यावरून आपला त्सुबा पहिल्या पिढ्यांचा आहे असे मात्र मी म्हणत नाही, कारण तसाच नमुना पुढे दोनशे वर्षे पुष्कळांनी केला.

एक काम करा. तिरप्या प्रकाशात भिंग घेऊन जाळीच्या आतल्या भिंती पाहा, पुढचा भाग नव्हे, भिंतीच. अकासाकाच्या पुष्कळ कामांत तीन पत्रे एकमेकांवर ठेवून, घणाने एकजीव करून चकती घडवलेली असते आणि त्या जोडांच्या बारीक रेषा तिथे दिसू शकतात. याउलट भिंतींच्या मधोमध उंचवट्यासारखी शीव दिसली, किंवा पृष्ठभागावर सारख्या आकाराचे बारीक खड्डे दिसले, तर वस्तू साच्यात ओतलेली आहे असे समजावे. ओतीव नकला आज फार आहेत.

रानजाई

फार सुरेख सुरुवात. एक शंका आहे. टिचकी मारून आवाज ऐकला तर घडीव आणि ओतीव यांतला फरक कळतो असे मी वाचले होते, ते खरे आहे का?

लोहगंध

रानजाई, घडीव लोखंड खणखणीत वाजते आणि ओतीव बद्द वाजते हे सर्वसाधारणपणे खरे आहे, पण त्यावर निर्णय देऊ नये. जाळीचा आकार, मधल्या भोकात ठोकलेले तांबे आणि बुजवलेले शिसे यांनी चांगल्या घडीव त्सुबाचा आवाजही दबतो. माझ्याकडचा सर्वांत चांगला त्सुबा जवळजवळ मुका आहे.

मठार

मी पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत वाढलो. आमच्या घरात तीन पिढ्या तांब्याची भांडी घडवण्यात गेल्या, त्यामुळे या विषयाचे पुस्तकी ज्ञान नसूनही लिहिण्याचे धाडस करतो.

हा धागा वाचून एका संग्रहालयातल्या त्सुबांची छायाचित्रे पाहिली. त्यांतल्या काही साध्या लोखंडी त्सुबांच्या पृष्ठभागावर हातोड्याचे ठसे मुद्दाम ठेवलेले आहेत. आमच्याकडे यालाच मठारकाम म्हणतात. भांडे मठारल्याने तांबे कडक होते आणि प्रत्येक ठोक्याचे एक गोल तोंड उजेडात चमकू लागते. पाहणाऱ्याला सगळे ठोके सारखे वाटतात, पण माझे आजोबा भांडे हातात घेऊन ते आळीतल्या कोणाच्या हातचे आहे हे सांगत असत, आणि आमच्या भांड्यांवर कधी कोणी नाव घातल्याचे मला आठवत नाही. ठोक्यांमधले अंतर, हातोड्याचा कल, काठाशी आल्यावर हात हलका करण्याची सवय, ही प्रत्येकाची सहीच असते.

म्हणून टोक्योकर यांना माझे सांगणे आहे, की विक्रेत्या आजोबांनी ‘अकासाका’ म्हटले ते बहुधा माझ्या आजोबांसारखेच म्हटले असावे. पन्नास वर्षे वस्तू हाताळलेल्या माणसाला कारण शब्दांत मांडता येईलच असे नाही.

जुनीनाणी

मठार यांचा प्रतिसाद मनाला भिडला, तरीही माझे मत वेगळे आहे आणि ते मांडणे आवश्यक वाटते.

अनामिक कारागिराचे कौतुक करताना आपण एक गोष्ट विसरतो. ज्यांनी आपले नाव कोरले त्यांना ते कोरण्याची मुभा मिळायला फार काळ लागला. तलवारीच्या पात्यावर लोहाराची सही शतकानुशतके होती, त्सुबावर मात्र ती उशिरा आली. सोळाव्या शतकाच्या सुमारास ओवारीचा नोबुइए आणि क्योतोजवळच्या फुशिमीचा कानेइए यांची नावे दिसू लागतात, आणि त्सुबावर सातत्याने सही करणाऱ्या पहिल्या मोठ्या कारागिरांत त्यांची गणना होते. कानेइएने तर तळहाताएवढ्या लोखंडावर डोंगर, नदी, होडी, वाटसरू असे आख्खे निसर्गचित्र उभे केले. त्याच्यापूर्वी चकतीकडे चित्राचा कागद म्हणून कोणी असे पाहिले नव्हते. त्याने मधल्या भोकाच्या बाजूला ‘फुशिमीचा रहिवासी कानेइए’ असे कोरले, तेव्हा तो केवळ मालावर छाप मारत नव्हता. हे मी पाहिले आणि मी केले, असे तो सांगत होता. सही हा कागदपत्राइतका मोलाचा पुरावा आहे. तिला दुय्यम मानणे म्हणजे त्या माणसांनी मिळवलेले परत काढून घेणे होय.

लोहगंध

जुनीनाणी, कानेइएविषयी आपण जे लिहिले ते मला मनापासून मान्य आहे. माझा आक्षेप सहीला नाही, सहीपासून पाहायला सुरुवात करण्याला आहे.

आपण नोबुइएचे नाव घेतले, तर त्याचेच उदाहरण पाहू. त्याच्या सह्या दोन तऱ्हांच्या आहेत. एकीत दोन अक्षरे सुटी सुटी आणि बारीक आहेत, दुसरीत जाड आणि दमदार आहेत. हे दोन वेगळे कारागीर असावेत असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे अस्सल सहीसुद्धा एका माणसाकडे सरळ बोट दाखवत नाही. त्यात हे नाव इतके मोठे झाले, की पुढच्या काळात नोबुइएच्या नावाने कोरलेल्या खोट्या सह्यांचा सुकाळ झाला. मी स्वतः एकदा अशा सहीला भुलून पैसे घालवले आहेत. कासवाच्या पाठीसारखी षट्कोनी नक्षी होती, अक्षरेही बरी होती, पण लोखंड मेलेले होते. त्या लोखंडाकडे मी आधी पाहिले असते तर सहीपर्यंत जाण्याची गरजच पडली नसती.

दुसरे उदाहरण गोतो घराण्याचे घ्या. पंधराव्या शतकातल्या युजोपासून (१४४०–१५१२) सतरा पिढ्या या घराण्याने शोगुनांसाठी (जपानच्या लष्करी राज्यकर्त्यांसाठी) आणि सरदारांसाठी तलवारीचे दागिने घडवले. सुरुवातीच्या पिढ्यांनी सही केली नाही. पुढच्या पिढ्यांतले कर्ते पुरुष आपल्या पूर्वजांचे काम ओळखून, ते कोणाचे आहे याचा निर्णय आणि आपले नाव त्या वस्तूवर कोरत, किंवा तसा दाखला लिहून देत. ज्या घराण्याला नावाची सर्वाधिक कदर होती, त्याला आपलाच पूर्वज सहीवाचून ओळखावा लागत होता, आणि ओळखता येत होता.

निशिगंध

मी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ राहते. इथल्या अॅशमोलियन संग्रहालयात सर आर्थर चर्च यांनी जमवलेल्या त्सुबांचा मोठा संग्रह आहे. चर्च हे व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ होते, आणि तो संग्रह पाहताना ते सारखे जाणवते, कारण त्यात धातूंच्या रंगांवर त्यांचे विशेष प्रेम दिसते.

जुनीनाणी आणि लोहगंध यांच्या वादात एक दुवा राहिला आहे असे मला वाटते. सही वाढली ती गिऱ्हाईक बदलले म्हणून. गोतो घराण्याचे काम दरबारी, ठरावीक नियमांत बसणारे होते. काळा धातू, त्यावर माशाच्या अंड्यांसारखी रवाळ जमीन आणि सोन्याचे उठावदार सिंह किंवा ड्रॅगन, अशी त्याची रीत होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस एदोमध्ये योकोया सोमिन (१६७०–१७३३) याने त्या चौकटीबाहेर येऊन शहरातल्या गिऱ्हाइकांसाठी स्वतंत्रपणे काम सुरू केले. छिन्नी तिरपी धरून एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ चर काढण्याची त्याची पद्धत अशी आहे, की धातूवरची रेषा कुंचल्याने ओढल्यासारखी जाड-बारीक होत जाते. त्याच पिढीतला त्सुचिया यासुचिका (१६७०–१७४४) उत्तरेकडच्या शोनाई प्रांतातून १७०३ मध्ये एदोला आला. त्याचे त्सुबा पाहिले की मी प्रत्येक वेळी थबकते, कारण तो एकच धातू, एकच घाट पुन्हा पुन्हा वापरत नाही. लोखंड, पितळ, तांबे, काळा धातू, जे विषयाला शोभेल ते तो घेतो आणि बरीचशी जागा रिकामी सोडण्याचे धैर्य त्याच्यात आहे.

अशा माणसांकडे गिऱ्हाईक त्यांचे नाव ऐकून येत असे, म्हणून त्यांनी नाव कोरले. अकासाकाच्या पहिल्या पिढीकडे ते दुकानाचे आणि घराण्याचे नाव ऐकून येत असावे. दोन्ही रिती आपापल्या जागी प्रामाणिक आहेत.

मठार

निशिगंधताई, ती माशाच्या अंड्यांसारखी जमीन कशी करतात ते कृपया सांगाल का? आणि ‘काळा धातू’ म्हणजे काय? बिदरीसारखे काही आहे का?

निशिगंध

मठारदादा, त्या कामाला ‘नानाको’ म्हणतात. टोकाला वाटीसारखा खळगा असलेला पोलादी ठसा धातूवर ठेवून एकेक ठोका मारला, की एकेक गोल रवा उठतो. रव्याचा व्यास बहुधा एक मिलिमीटरहून कमी असतो आणि ओळी सरळ किंवा वर्तुळाकार, अगदी काटेकोर असतात. एका त्सुबावर असे हजारो रवे असतात आणि एक ठोका चुकला तर ओळ कायमची मोडते. नुसते हे काम करणारे वेगळे कारागीरही होते. धातूविषयी रसायनशास्त्राच्या जाणकारांनी लिहावे.

उत्तररंग

मी रसायनशास्त्र शिकवत असे, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे घेतो.

तो काळा धातू म्हणजे ‘शाकुदो’, तांब्यात साधारण तीन ते पाच टक्के सोने मिसळून केलेला. ओतल्यावर तो तांब्यासारखाच दिसतो आणि त्यात सोने आहे हे पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. घडवून, घासून, अगदी स्वच्छ केल्यावर तो जंगाल (तांब्यावरचा हिरवा गंज) आणि मोरचूद घातलेल्या उकळत्या पाण्यात ठेवतात. काही कृतींत तुरटीही असते. थोड्याच वेळात पृष्ठभागावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर धरतो आणि धातू निळसर काळा होतो, कावळ्याच्या ओल्या पिसासारखा. पाण्यात बुडवण्यापूर्वी वस्तूला किसलेल्या मुळ्याचा रस लावण्याची रीत आहे, त्यामुळे रंग डाग न पडता सारखा चढतो.

दुसरा धातू ‘शिबुइची’. नावाचा अर्थ चारातला एक, कारण त्यात चार भागांत एक भाग चांदी आणि बाकी तांबे असे ढोबळ प्रमाण असते, प्रत्यक्षात ते बदलते. त्याच पाण्यात तो करड्या रंगाचा होतो, पावसाळी आभाळासारखा. खरे सौंदर्य यापुढे आहे. एकाच त्सुबावर शाकुदो, शिबुइची, साधे तांबे, चांदी आणि सोने जडवून ती वस्तू एकदाच त्या पाण्यात घातली, तर शाकुदो काळा, शिबुइची करडा, तांबे लालसर तपकिरी होते आणि सोने जसेच्या तसे राहते. रंगारी एकेक रंग भरतो, हा कारागीर धातू निवडतानाच सगळे रंग ठरवून ठेवतो आणि शेवटच्या उकळीपर्यंत त्याला ते दिसत नाहीत.

बिदरीशी तुलना योग्य आहे, पण रसायन वेगळे आहे. बिदरीचा धातू मुख्यतः जस्त आणि त्यात थोडे तांबे असा असतो. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या लेपाने जस्ताची जमीन काळी होते आणि जडवलेली चांदी पांढरी राहते. तत्त्व एकच, की एकाच प्रक्रियेला दोन धातूंनी दोन उत्तरे द्यायची. लोखंडावर आडव्या-उभ्या बारीक रेघा ओरखडून त्यांत सोन्याचा वर्ख ठोकून बसवण्याची जपानी रीतही आपल्या कोफ्तगरीची सख्खी बहीण शोभेल अशी आहे.

कोकणकडा

उत्तररंग यांनी त्या थराचा पातळपणा सांगितला, त्यावर माझी चूक सर्वांसमोर ठेवतो, म्हणजे ती दुसऱ्या कोणाकडून होणार नाही. वीस वर्षांपूर्वी एका नातेवाइकाने मला शाकुदोचा एक छोटा त्सुबा भेट दिला. तो मळकट काळा दिसतो म्हणून मी घरातल्या समईसारखा चिंचेने घासला. पाच मिनिटांत तो तांब्याच्या भांड्यासारखा लालभडक झाला आणि मी समाधानाने तो कपाटात ठेवला. कित्येक वर्षांनी एका जाणकाराने तो हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. दोन-अडीचशे वर्षे टिकलेला रंग मी एका दुपारी धुऊन टाकला होता. नव्याने रंग चढवता येतो असे त्यांनी सांगितले, पण तो जुना रंग नसेल. त्या दुपारची खंत अजून जात नाही.

लोहगंध

कोकणकडा, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. सर्वांसाठी सांगतो : रंगीत धातूंच्या त्सुबाला घासू नये, पॉलिश लावू नये, कडेला धरूनच उचलावा. लोखंडी त्सुबाला कोरड्या, धुतलेल्या सुती कापडाने रोज थोडे चोळावे. वर्षानुवर्षे चोळल्याने त्याला जी झळाळी येते ती कोणत्याही तेलाने येत नाही. लाल गंज दिसला तर हाडाच्या किंवा शिंगाच्या टोकदार तुकड्याने धीराने खरवडावा. काळा थर मात्र तसाच ठेवावा, कारण तोच त्सुबाची कातडी आहे.

जुनीनाणी

निशिगंध यांनी गिऱ्हाईक बदलल्याचा मुद्दा मांडला. तो पुढे नेऊन, गिऱ्हाईकच नाहीसे झाले तेव्हा काय घडले ते सांगतो. २८ मार्च १८७६ रोजी सम्राट मेइजीच्या काळातल्या नव्या सरकारने सैन्य, पोलीस आणि समारंभाचा दरबारी पोशाख एवढे अपवाद सोडून सर्वांना तलवार बाळगून फिरण्यास मनाई केली. एका हुकुमाने पिढीजात व्यवसायाचा पाया गेला. गोतो घराण्यातला शेवटचा थोर कलावंत गोतो इचिजो याच वर्षी वारला. त्याचा जन्म १७९१ चा. हा योगायोग वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो होतो.

कारागीर मग फुलदाण्या, धूपदाण्या, तंबाखूच्या बटव्यांचे दागिने यांकडे वळले आणि बराच माल युरोप-अमेरिकेत गेला. तलवारींवरून उतरवलेले जुने त्सुबाही त्याच वाटेने गेले, म्हणूनच आज बॉस्टन, लंडन, ऑक्सफर्ड इथे ते इतके दिसतात. त्या पिढीतला कानो नात्सुओ (१८२८–१८९८) हा माझ्या छंदाच्या दृष्टीने फार जवळचा आहे. क्योतोत जन्मलेला हा कारागीर १८५४ मध्ये एदोला आला आणि त्सुबांवरच्या नाजूक कामासाठी नावाजला गेला. नव्या सरकारने चांदी-सोन्याची आधुनिक नाणी पाडायचे ठरवले, तेव्हा १८६९ पासून त्यांच्या नमुन्यांचे कोरीव काम त्याच्याकडे आले. माझ्या संग्रहात १८७० सालचे चांदीचे एक येन आहे. त्यावरच्या ड्रॅगनचे खवले भिंगातून पाहिले की हा हात तलवारीच्या दागिन्यांवर घडलेला आहे याची खात्री पटते. पुढे १८९० मध्ये तो टोक्योच्या ललितकला विद्यालयात प्राध्यापक झाला. त्या नाण्यावर त्याची सही नाही.

लोहगंध यांच्या बाजूने हा मुद्दा जातो, याची मला जाणीव आहे. तरीही ते नाणे नात्सुओचे आहे हे मला ठाऊक आहे म्हणून मी ते वेगळ्या प्रेमाने पाहतो, हेही तितकेच खरे आहे.

रानजाई

नावामुळे प्रेम वाटण्यावरून आठवले. मियामोतो मुसाशी या प्रसिद्ध तलवारबाजाने स्वतः त्सुबा घडवले होते असे म्हणतात, ते खरे का?

लोहगंध

रानजाई, मुसाशी १६४० मध्ये होसोकावा घराण्याच्या आश्रयाने कुमामोतोला आला आणि १६४५ मध्ये तिथेच वारला. दोन समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे समुद्री जीव) समोरासमोर ठेवल्यासारखी जाळी असलेला, अत्यंत साधा असा एक त्सुबा परंपरेने त्याच्या नावावर सांगितला जातो. त्या घाटाच्या पुढे असंख्य प्रती झाल्या, त्यामुळे बाजारात कोणी ‘मुसाशीचा’ म्हणून काही दाखवले तर घाट पाहावा आणि नाव बाजूला ठेवावे.

याच कुमामोतोत, म्हणजे हिगो प्रांतात, माझ्या मते लोखंडाचा सर्वांत देखणा रंग साधला गेला. होसोकावा सान्साई हा सरदार चहाविधीचा मोठा जाणकार होता आणि त्याच्या आश्रयाला असलेल्या कारागिरांच्या कामात तीच मितभाषी अभिरुची उतरली. हायाशी माताशिची हा त्या परंपरेतला. त्याचे घराणे मूळचे ओवारीकडच्या बंदूक घडवणाऱ्यांचे. बंदुकीच्या नळीसाठी शुद्ध, एकजीव लोखंड लागते आणि ती जाण त्याच्या त्सुबांत दिसते. त्या लोखंडाच्या दाट, ओलसर काळेपणाला जपानी लोक ‘योकान’ या कडधान्याच्या गोड वडीची उपमा देतात. टोक्योकर, आपण टोक्योत आहात, तर होसोकावा घराण्याचा संग्रह जपणारे एइसेइ बुन्को आणि र्योगोकू इथले तलवार संग्रहालय ही दोन्ही ठिकाणे अवश्य पाहा. माताशिचीच्या कामावरही बहुधा सही नाही.

टोक्योकर

सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले आणि काल सुटीच्या दिवशी र्योगोकूला जाऊन आलो. तिथे काचेमागे ओवारीचा एक त्सुबा होता. तेक्कोत्सु म्हणजे काय हे वाचून मला नीट उमगले नव्हते. कडेवरचे ते तुकतुकीत उंचवटे पाहताच उमगले. माझ्या त्सुबावर तसे काही नाही.

घरी आल्यावर टेबलाचा दिवा आडवा करून, भिंगाने जाळीच्या भिंती पाहिल्या. हंसाच्या पंखाखालच्या भिंतीवर केसाएवढी एक रेषा कडेला समांतर जाते, काही अंतरावर नाहीशी होते आणि लव्हाळ्याच्या बुडाशी पुन्हा दिसते. तिच्या खाली दुसरी, अधिक अस्पष्ट रेषा आहे. साच्याची शीव कुठेही नाही. पात्यांच्या कडा हाताला धारदार लागत नाहीत. विशेष म्हणजे दोन हंसांचे पंख सारखे नाहीत. डावीकडच्याची मान कापताना कारागिराने छिन्नी थोडी लवकर वळवलेली आहे आणि पुढच्या पिसाने ते सावरून घेतलेले आहे. महिनाभर मी ही वस्तू पाहत होतो, पण हे काल दिसले.

तलवारींच्या जतनासाठी १९४८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेकडे तपासणीला वस्तू देता येते, आणि सही नसलेल्या त्सुबालाही घराण्याच्या नावासह दाखला मिळू शकतो, असे र्योगोकूच्या संग्रहालयात समजले. पुढच्या तपासणीला देण्याचा विचार आहे. जुनीनाणी, दाखल्यावर एखादे नाव आले तर मला आनंद होईल हे मी आपल्याला प्रांजळपणे सांगतो. एकच शंका उरली आहे. देण्यापूर्वी खाचेतले शिसे काढून खाच मूळ रूपात आणावी का?

मठार

कृपया काढू नका. शिसे मऊ असले तरी ते ठोकून भरलेले आहे, आणि उचकटताना खाचेचा काठ चरल्याशिवाय राहणार नाही. शिवाय एखाद्या मालकाने आपल्या म्यानाच्या सोयीसाठी केलेली ती दुरुस्ती आहे.

उत्तररंग

मठार यांच्याशी पूर्ण सहमत. त्सुबा ठेवण्याची पेटी मात्र पाहून घ्या. ओकसारख्या लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफांनी शिशावर पांढरी भुकटी धरते. जपानमध्ये किरी लाकडाच्या हलक्या पेट्या याच कामासाठी मिळतात, तीच घ्यावी. आत कापूस न ठेवता सुती कापडाची घडी ठेवावी, म्हणजे तंतू जाळीत अडकणार नाहीत. दाखला हाती आला की इथे नक्की लिहा.